अंगरख्यावर अंगरखा : एक प्रस्तावना

मृग नक्षत्र तोंडावर आले म्हणजे शहरांतल्या दुकानांत शाळकरी मुलांचे रेनकोट, छत्र्या आणि गमबूट यांच्या रांगेत हल्ली आणखी एक जिन्नस टांगलेला दिसू लागला आहे, आणि तो म्हणजे कुत्र्याचा रेनकोट. कधी पिवळाधमक, कधी फुलाफुलांचा, कधी पाठीवर इंग्रजी विनोद छापलेला असा तो असतो. किंमत माणसाच्या रेनकोटाहून फारशी कमी नसते, मापे मात्र 'लहान, मध्यम, मोठे' एवढ्यावर उरकलेली असतात. जो गृहस्थ स्वत:चा सदरा शिवायला टाकताना शिंप्याला दोन वेळा गळा आणि तीन वेळा खांदा मोजायला लावतो, तोच आपल्या कुत्र्याकरिता 'मध्यम' म्हणून जे हाती येईल ते घेऊन घरी जातो. पहिल्या सरीत तो कोट एका अंगाला कलतो, दुसऱ्या सरीत पोटाखालचा पट्टा चिखलातून लोळत येतो, आणि आषाढ लागण्याच्या आत सारा सरंजाम माळ्यावर जाऊन पडतो. प्रस्तुत पुस्तिकेचे लेखक व्यवसायाने पशुवैद्य आहेत. काखेत सोलवटलेली, पोटावर चट्टे उठलेली, अंगाला कुबट वास येणारी कुत्री दर पावसाळ्यात त्यांच्या टेबलावर येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कैफियतीच्या मुळाशी हौसेने आणलेला एखादा कोटच असतो, हे पाहून त्यांनी लेखणी हाती घेतली.

हा विषय पुस्तकाला साजेसा आहे काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी देत बसत नाही. कारण ज्याच्या दिवाणखान्यात ओला कुत्रा येऊन अंग झटकतो त्याला तो प्रश्न पडत नाही, आणि ज्याच्या घरी कुत्राच नाही त्याने ही पुस्तिका विकत घेण्याचे प्रयोजन नाही.

मुळात कुत्रा हा काही उघडा प्राणी नव्हे. त्याच्या अंगावर जन्मजात एक अंगरखा आहे, आणि आपण जो विकत आणतो तो त्याच्यावरचा दुसरा अंगरखा होय. म्हणून आधी पहिल्याची नीट पाहणी केल्यावाचून दुसऱ्याची निवड करता येत नाही. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, स्पिट्झ किंवा हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : वर राठ, लांब, किंचित तेलकट केस, जे पाणी आत उतरू देत नाहीत, आणि त्यांच्या खाली दाट, मऊ लव, जी आपल्या पोटात हवा कोंडून धरते. ऊब देणारी वस्तू खरे पाहता ही कोंडलेली हवाच. केस हे तिचे केवळ कुंपण. थंडीने कुत्र्याचे केस उभे राहतात ते हवेचा हा थर अधिक जाड व्हावा म्हणून. याउलट बॉक्सर, डॉबरमन, ग्रेहाउंड किंवा आपल्याकडचा मुधोळ यांच्या अंगावर आखूड, गुळगुळीत केसांचा एकच थर असतो, खाली लवेचे अस्तर जवळजवळ नसते, आणि शिकारी जातीच्या कुत्र्यांच्या कातडीखाली चरबीही बेताचीच असते. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्यांतून बर्फगार पाण्यात उड्या घेणाऱ्या कुत्र्यांचा वंशज असलेला लॅब्रॅडॉर आणि दख्खनच्या उघड्या माळावर सशामागे धावण्यासाठी जोपासलेला मुधोळ, हे दोघे एकाच पावसात उभे असले तरी एकाच अवस्थेत उभे नसतात. पहिल्याला गरम कोट घालणे म्हणजे निव्वळ छळ. दुसऱ्याला तो न घालणे हा कधी कधी निष्काळजीपणा ठरतो.

केसांइतकाच विचार देहाच्या आकाराचा करावा लागतो. माक्स रुब्नर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८८३ साली लहानमोठ्या कुत्र्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली, तेव्हा त्याला असे आढळले की वजनाच्या मानाने लहान कुत्रा मोठ्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता खर्च करतो, कारण त्याच्या देहाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठे असते. तीन किलोच्या चिवावाला थंडी चटकन लागते आणि चाळीस किलोच्या रॉटवायलरला लागत नाही, याचे कारण लाडावलेपणात नसून भूमितीत आहे. डॅक्सहुंडसारख्या बुटक्या पायांच्या कुत्र्याची गोष्ट आणखी निराळी. त्याचे पोट रस्त्यावरच्या पाण्यापासून जेमतेम चार बोटांवर असते, म्हणून त्याच्यावर पाऊस वरून पडतो त्यापेक्षा खालून अधिक उडतो. केवळ पाठ झाकणारा कोट त्याच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हातारा कुत्रा, सांधे धरलेला कुत्रा, थायरॉइड ग्रंथी मंदावल्यामुळे केस गळालेला कुत्रा, शस्त्रक्रियेसाठी पोट भादरलेला कुत्रा आणि नुकतेच आईपासून वेगळे केलेले पिल्लू, यांची बाब वेगळी गणली पाहिजे, आणि लेखकांनी ती तशी गणली आहे.

आता पाण्याकडे वळू. कारण माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म थंडीत नसून पाण्यात आहे. हवेच्या तुलनेत पाणी उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून नेते. केसांत कोंडलेली हवा हुसकून तिची जागा पाण्याने घेतली की तोच उबदार थर उलट गारठ्याचा होतो. शिवाय ते पाणी वाळताना पुन्हा देहाचीच उष्णता घेऊन वाळते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि एखाद्या केसाळ कुत्र्याच्या अंगात समजा पाव लिटर पाणी मुरले असेल, तर त्या उष्णतेचा जमाखर्च कुठल्या खात्यावर पडतो हे सांगायला नको. निसर्गाने यावर कुत्र्याला एक विलक्षण उपाय दिलेला आहे, तो म्हणजे अंग झटकणे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली या साध्या दिसणाऱ्या क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिवेगवान कॅमेऱ्यापुढे उंदरापासून अस्वलापर्यंत अनेक प्राण्यांना भिजवून त्यांनी असे दाखवले की केसाळ प्राणी क्षणार्धात अंगावरचे सुमारे सत्तर टक्के पाणी उडवून देतो. उंदीर त्यासाठी सेकंदाला तीसेक वेळा थरथरतो, लॅब्रॅडॉरला चार-पाच झटके पुरतात. हे झटकणे नाकापासून सुरू होते, सैल कातडी हाडांवरून डावीउजवीकडे फिरते, आणि पाणी केसांच्या टोकांवरून बाहेर फेकले जाते.

कोट घातलेल्या कुत्र्याला नेमके हेच करता येत नाही. कोट जर पाणी पूर्णपणे बाहेर ठेवत असेल, तर प्रश्नच मिटला; आतले अंग कोरडेच असल्याने झटकण्याचे कारण उरत नाही. परंतु कोट जर गळ्यापाशी, शिवणीतून किंवा छातीखालून पाणी आत घेत असेल, तर ते पाणी कापडाखाली कोंडले जाते, केसांना फिरायला जागा मिळत नाही, आणि कुत्रा बिचारा झटकून झटकून थकतो तरी ओलाच राहतो. गळका कोट हा कोट नसण्यापेक्षा वाईट, हा सिद्धांत लेखकांनी आपल्या तिसऱ्या प्रकरणात मांडला आहे. तो पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापला असता तरी मला आवडले असते.

पाणी न शिरणाऱ्या कापडाचा इतिहास फार जुना नाही. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये पसरून त्यांचे एक कापड करण्याचे पेटंट घेतले, आणि पुढे इंग्रजीत रेनकोटालाच त्याचे नाव चिकटले. सुरुवातीचे हे कापड थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याची युक्ती १८४०च्या सुमारास सापडल्यावर ते वापरण्याजोगे झाले. खलाशी आणि शेतकरी तेल किंवा मेण मुरवलेले सुती कापड वापरीत. आपल्याकडे बाळाच्या दुपट्याखाली घालायचे मेणकापड ते त्याच बिरादरीतले. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टर यांवर पातळ लेप देण्याची रीत आली, आणि १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन अभियंत्याने टेफ्लॉनची कांडी झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचे असे पटल तयार केले की ज्यातून पाण्याचा थेंब आत येऊ शकत नाही पण वाफ बाहेर जाऊ शकते. महाग कोटांवर 'श्वास घेणारे कापड' अशी जी फुशारकी मारलेली असते ती याच जातीच्या पटलाविषयी. परंतु वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते, आणि श्रावणातल्या कोकणात ती तशी नसते. स्कॉटलंडच्या टेकड्यांवर या कापडाचे दाम वसूल होत असतील. रत्नागिरीत ते होतील अशी आशा बाळगू नये.

दुकानदार 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर-रेपेलंट' हे दोन शब्द एकाच श्वासात वापरतो. ग्राहकाने तसे करू नये. पहिल्या प्रकारच्या कापडावर दीड हजार मिलिमीटर किंवा त्याहून उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही अशी सर्वसाधारण कसोटी आहे. दुसऱ्या प्रकारावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात खरे, पण तो गुण वरच्या लेपाचा असतो, आणि साबणाच्या पाण्यात चार वेळा बुडवल्यावर तो उतरू लागतो. कापड कितीही चोख असले तरी सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी वाट काढते. म्हणून कोट उलटा करून आतल्या शिवणींवर पट्टी चिकटवलेली आहे की नाही हे पाहावे. ही पाहणी करायला अर्धे मिनिट लागते, आणि दुकानदार कुरकुर करीत नाही.

याच ठिकाणी घोंगडीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर हाताने कातून, सणगरांनी मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी पिढ्यान् पिढ्या धनगराच्या डोक्यावरून खोळ होऊन पावसात उभी राहिली आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. सुताला यांतले काहीच साधत नाही. म्हणून बाजारात कुत्र्यांसाठी टोपीसह जे सुती सदरे लटकलेले दिसतात, ते हिवाळ्यातल्या कोरड्या संध्याकाळी शोभेला ठीक, पावसात मात्र सर्वांत निरुपयोगी. घोंगडी कुत्र्याच्या अंगावर बांधावी असे मी सुचवत नाही. ती जड होते आणि वाळायला दोन दिवस घेते. पण भिजून आलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला पुसून काढल्यावर खाली अंथरायला जुन्या घोंगडीच्या तुकड्याइतके चांगले काही नाही, हे मात्र नि:शंकपणे सांगतो.

इंग्रजी पुस्तकांवरून विषय उचलणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोटाळा होतो तो हवामानाच्या बाबतीत. तिकडचा पाऊस थंड असतो, म्हणून तिकडच्या कोटाला अस्तर असते. आपला पाऊस उबदार आहे. मुंबईत वर्षाला बावीसशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, पण जुलैतल्या रात्रीसुद्धा पारा पंचविसाच्या आसपासच राहतो आणि हवा पाण्याने गच्च भरलेली असते. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांपुरताच. अंगातली उष्णता तो कातडीवाटे हवेत सोडतो, आणि ती पुरेशी गेली नाही की जीभ बाहेर काढून धापा टाकतो. अशा हवेत कापशी अस्तराचा रेनकोट चढवून त्याला तासभर फिरवणे म्हणजे त्याच्या उष्णतेची एक वाट बुजवणे होय. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची दुसरी वाटही जन्मत:च अरुंद असते. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने हा कुत्रा घराघरांत पोचवला, पण त्याचे नाक आपल्या उकाड्याला किती अपुरे आहे हे त्या जाहिरातीत सांगितलेले नव्हते. पुण्याला पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरांचाच, पण झिमझिम चालू राहणारा. महाबळेश्वरी तो साडेपाच हजारांच्या वर जातो आणि जुलैत हवाही सतरा-अठरा अंशांवर उतरते. पावसाळ्यात ओल आणि गारवा दोन्ही असा संयोग आपल्याकडे फक्त घाटमाथ्यावर होतो, आणि पातळ अस्तराचा कोट समर्थनीय ठरतो तोही तिथेच. कोरडी थंडी पाहिजे असेल तर निफाडला जावे, जिथे पौषात पारा कित्येकदा पाच अंशांच्या आसपास येतो. तिथे आखूड केसांच्या कुत्र्याला पहाटे लोकरीची झूल द्यावी, स्पिट्झला देऊ नये.

खऱ्या थंड मुलखातही सरसकट कोट घालण्याचा शिरस्ता नाही. हिमालयातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याला मालक लोकर देत नाही, बिबट्यापासून गळा वाचावा म्हणून काटेरी लोखंडी पट्टा देतो. अलास्कात अँकरेजपासून नोमपर्यंत १९७३ पासून धावणाऱ्या प्रसिद्ध घसरगाडी-शर्यतीत कुत्र्यांच्या पंजांना कापडी मोजे असतात, आणि अंगरखे चढतात ते मुख्यत्वे विसाव्याच्या वेळी, पातळ केसांच्या कुत्र्यांना. धावताना देह स्वत:च भट्टी असतो. आपल्याकडे उलट प्रकार चालतो. फिरताना कोट, आणि घरी आल्यावर ओला कुत्रा फरशीवर.

मापाविषयीचे प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत सकस उतरले आहे, आणि तिथे लेखकांनी मुधोळाचे जे उदाहरण घेतले आहे ते मुद्दाम थांबून पाहण्याजोगे आहे. मुधोळ हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी ते घोरपड्यांचे संस्थान होते, आणि तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीला आश्रय देऊन तिचे नाव केले. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत मुधोळ आहे. सोलापूर-लातूरकडे त्याचेच भाऊबंद कारवानी आणि पश्मी या नावांनी ओळखले जातात. आता या कुत्र्याला उभा करून फीत लावा. पाठीची लांबी घ्यायची ती मानेच्या बुडाशी जिथे पट्टा बसतो तिथून शेपटीच्या मुळापर्यंत. छातीचा घेर घ्यायचा तो पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे छाती सर्वांत खोल आहे तिथे. समजा घेर ७५ सेंटिमीटर भरला. तर आणखी मागे सरकून कंबर मोजा, ती ५० भरेल. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत हे अंतर याच्या निम्मेही नसते. बाजारातला 'मोठा' कोट लॅब्रॅडॉर डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला असतो. तो मुधोळावर चढवला की छातीवर तंग होतो आणि कमरेवर पालासारखा फडफडतो, वाऱ्याने वर उडतो, आणि पाऊस नेमका त्या उघड्या, बिनचरबीच्या कमरेवर पडतो. पाठीच्या लांबीवरून माप धरले तर छाती अडते, छातीवरून धरले तर कंबर सुटते. उपाय दोनच : कमरेपाशी नाड्याने आवळता येणारा कोट घेणे, किंवा सरळ शिंप्याकडे जाणे.

शिंप्याकडे जाण्यात कमीपणा नाही, किंबहुना मी तोच मार्ग सुचवीन. मोडक्या छत्र्यांचे कापड, विशेषत: जुन्या मोठ्या काळ्या छत्रीचे, या कामाला उत्तम; त्याला कडेने गोट मारावा, मुंढे मोठे ठेवावेत, पोटाखालची पट्टी निराळी बेतून तिला दोन बंद लावावेत. मुंढा तंग झाला की तो काखेत काचतो, आणि काखेतली ती ओली, घासलेली जागा दोन दिवसांत लाल होऊन चिघळते. कोटामुळे पशुवैद्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत ही तक्रार नेहमीची असते. नर कुत्र्याच्या पोटाची पट्टी बेंबीच्या मागे नेऊ नये. कारण सांगण्याची आवश्यकता नाही. अंगात घातल्यावर गळ्यापाशी आणि छातीपाशी दोन बोटे सहज आत जावीत, कुत्रा बसला तर मागची कड शेपटीवर चढू नये, आणि त्याने चार पावले धावून दाखवावे. पाऊल आखूड पडत असेल तर कोट नापसंत करावा, किंमत काहीही असो.

बंदांविषयी एक छोटी पण मोठी गमतीची हकीकत आहे. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता आपल्या कुत्र्याला घेऊन रानातून परतला तेव्हा कुत्र्याच्या केसांत आणि स्वत:च्या विजारीत अडकलेल्या काटेरी बिया त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, त्यांना बारीक आकडे असल्याचे त्याला दिसले, आणि पुढे बऱ्याच वर्षांच्या खटपटीने त्यावरून त्याने ते चर्रर्र आवाज करीत सुटणारे बंद तयार केले ज्यांना आपण वेल्क्रो म्हणतो. कुत्र्याच्या केसांतून जन्मलेला हा बंद आज कुत्र्याच्या जवळपास प्रत्येक कोटावर असतो, आणि केसाळ कुत्र्याच्या बाबतीत तो पुन्हा त्याच केसांत गुंततो. पामेरियनसारख्या कुत्र्याला म्हणून प्लास्टिकची खटक्याची कडी बरी. आखूड केसांच्या कुत्र्याला वेल्क्रो चालतो, मात्र त्यात अडकलेले केस अधूनमधून दाभणाने काढावे लागतात. झिपची चेन कुणालाही नको.

येथवर लेखकांशी माझे एकमत आहे. मतभेद आहे तो टोपीबद्दल. त्यांनी टोपीच्या रचनेला दोन पाने दिली आहेत. मी एक ओळही दिली नसती. कुत्रा कानांनी ऐकतो एवढेच नव्हे, कानांनी बोलतोही. समोरून येणारा दुसरा कुत्रा त्याचे कान, मानेवरचे केस आणि शेपूट पाहून त्याचा इरादा ओळखतो. टोपीने कान दाबले आणि उंच कॉलरीने मान झाकली की ती सारी भाषा बंद पडते, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन अनोळखी कुत्र्यांची जी गाठ पडते ती मग गैरसमजानेच सुरू होते. कानांत पाणी जाऊ नये ही लेखकांची काळजी रास्त आहे, पण ती टॉवेलाने भागते. टोपी ही मालकाची हौस आहे. हौस वाईट असे नाही; अकबराला कुत्र्यांची आवड होती, काबूलकडून उत्तम कुत्री त्याच्याकडे येत आणि त्यांना सजवीत व नावे ठेवीत असे अबुल फझलने लिहून ठेवले आहे. परंतु सजावटीची झूल आणि पावसाचा कोट हे दोन निराळे मामले आहेत, आणि एका पैशात दोन्ही साधण्याच्या मोहाने दोन्ही बिघडतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडीत जाकिटे घालण्याची जी मोहीम अलीकडे शहरांतून निघते तिच्यामागची करुणा मी जाणतो, तरीही तिच्याविषयी दोन कठोर शब्द लिहिणे भाग आहे. घातलेला कोट रात्री काढायला जर कोणी नसेल, तर तो घालूच नये. एकदा भिजलेला कपडा त्या जिवाच्या अंगावर दिवसेंदिवस राहतो, खाली बुरशी धरते, गोचिडांना आसरा मिळतो, वाढत्या पिल्लाच्या छातीत पट्टा रुतत जातो, आणि तारेच्या कुंपणात अडकला तर सोडवणारे कोणी नसते. त्यापेक्षा जिन्याखाली चार विटांवर एक फळी टाकून वर गोणपाट अंथरावे आणि ते आठवड्याने बदलावे. गावठी कुत्र्याला बहुतेक रात्री एवढा बंदोबस्त पुरतो.

शेवटी कोट उतरवल्यानंतरच्या कामाविषयी, ज्याला पुस्तिकेत शेवटचे स्थान मिळाले आहे पण जे मी पहिले मानतो. कोट उतरवला की तो उलटा करून वाऱ्यावर टांगावा. कुत्र्याला टॉवेलाने आधी दाबून आणि मग पुसून कोरडे करावे, आणि त्यातही काखा, जांघा, कानांची आतली बाजू आणि बोटांच्या बेचक्या विसरू नयेत, कारण पावसाळ्यात जो आंबूस वास येतो तो या ओलसर खाचांत वाढणाऱ्या बुरशीचा असतो. पाय साध्या पाण्याने धुवावेत. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग येतो आणि त्याला कोणताही कोट अडवू शकत नाही. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी, आणि कुत्र्याला डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये.

पुस्तिका लहान आहे, भाषा सरळ आहे, आणि आकृत्या लेखकांनी स्वत: काढल्या असल्याने त्या सुबक नसल्या तरी अचूक आहेत. मापांचा तक्ता शेवटच्या पानावर कापून घेता येईल असा छापला आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की दुकानात जाण्याआधी त्यांनी तो तक्ता कापावा, घरातल्या कुत्र्याला उभे करून पाठ, छाती आणि कंबर हे तीन आकडे त्यात लिहावेत, आणि कोटासाठी जेवढे पैसे काढून ठेवले असतील त्यांतून आधी दोन जाड टॉवेल विकत घ्यावेत.